तीन ग्रॅम मीठ

ती : ‘शुक्रवार, दुपार. कोबीची भाजी दीडशे ग्रॅम, पूर्ण संपली.’ हे कुणी लिहिलं?

तो : मीच. डबा रिकामा आला होता.

ती : डबा रिकामा आला म्हणजे मीच खाल्ला, असं होतं का?

तो : मग कुणी खाल्ला? अगं, सहाला त्या पाहणीवाल्या बाई वही न्यायला येतील. शहरातली माणसं काय खातात, ते सरकार आपल्या वहीवरून ठरवणार आहे. खोटं जायला नको.

ती : मला आधी माझा फॉर्म भरू दे. तोही सरकारीच आहे. ‘संस्थेची परिवर्तनक्षमता.’

तो : म्हणजे?

ती : म्हणजे आमचं पाणीखातं बदलाशी किती लवकर जुळवून घेतं. एक ते पाच गुण.

तो : तुमची लिफ्ट दुरुस्त झाली का?

ती : नाही. पण आम्ही सगळ्यांनी जिन्याशी जुळवून घेतलंय. चार देते.

तो : पुढचा प्रश्न वाच.

ती : ‘चूक लक्षात आल्यावर ती संबंधितांना कळवण्यास साधारण किती दिवस लागतात?’

तो : काय लिहिणार?

ती : ...सहा.

तो : कोबी कुणी खाल्ला?

ती : आमच्या वॉचमनच्या कुत्र्यानं.

तो : आणि शनिवारची अंडी?

ती : शनिवारी मला डबा उघडताना बघून तो उठून गेला. मग टाकली. रागावू नका हो.

तो : रागावत नाही. म्हणजे तू आठवडाभर दुपारी उपाशी?

ती : बिस्किटं खाल्ली. रात्री मात्र मुकाट्यानं जेवले. मला वाटलं, सरकारला दाखवायला तुम्ही मीठ बंद केलंय. इतके मन लावून करत होतात, बोलायचा धीर झाला नाही.

तो : बंद कशाला करीन? दर भाजीला तीन ग्रॅम. लिहिलंय बघ.

ती : तीन ग्रॅम साखर, अहो! अळणी तर अळणी, वर गोडसर. आज सकाळी बघितलं मी. पहिल्या दिवशी बाईंनी वजन करायला बरण्या खाली काढल्या होत्या, ठेवताना इकडची तिकडे झाली. आपला चहा बिनसाखरेचा, म्हणून तिथं कळलं नाही.

तो : अरे देवा.

ती : पण तुम्हीही तेच जेवत होतात की. तुम्हाला कसं नाही कळलं?

तो : बाई यायला वीस मिनिटं आहेत.

ती : अहो, इकडे बघा. कसं नाही कळलं?

तो : मला कळतच नाही गं काही. चव नाही, वास नाही.

ती : कधीपासून?

तो : त्या तापानंतर.

ती : चार महिने? आणि मला वाटायचं, जन्मभर पार्सलं तोलली, म्हणून पोस्टाची सवय सुटत नाही! तो काटा, ते ग्रॅम...

तो : तू एकदा काट्यावर चिमूट टाकून दाखवलीस, आठवतं? मी म्हटलं, गंमत म्हणून बघू. अर्धा ग्रॅम भरली. त्यावरच चाललं होतं सगळं. बरं चाललं होतं ना?

ती : चांगलं चाललं होतं. खरंच. सांगितलं का नाहीत?

तो : तू लगेच पदर खोचला असतास. पुन्हा पाचला उठून आधी चूल, मग ऑफिस. तीस वर्षं केलंस. मी निवृत्त झालो तेव्हा तू म्हणालीस, आता स्वयंपाकघर तुमचं. मला फार बरं वाटलं होतं गं.

ती : मग ते तुमचंच आहे. कोण काढून घेतंय? फक्त उद्या आधी डॉक्टर. नाही म्हणायचं नाही.

तो : नाही म्हणत नाही. आणि या वहीचं?

ती : द्या ते पेन. साखर तिथं साखर लिहू, कुत्रा तिथं कुत्रा.

तो : कुत्र्याला रकाना नाही.

ती : समासात लिहू. आणि यापुढे गॅस बंद करायच्या आधी चमचा माझ्यापुढे करायचा. आंघोळीला गेले असेन तरी थांबायचं.

तो : आत्ता सूप आहे गॅसवर. भोपळ्याचं.

ती : मीठ?

तो : तीन ग्रॅम घातलं... म्हणजे, बरणीतलं.

ती : बरण्या मी सकाळीच जागच्या जागी ठेवल्यात. आणा चमचा. ...हं. अजून थोडं हवं.

तो : थोडं म्हणजे किती?

ती : हे एवढं.

तो : थांब, काट्यावर टाक आधी.

ती : राहू द्या तो काटा.

(दारावरची घंटा वाजते.)

तो : आल्या. अगं, वहीत काय लिहू?

ती : चिमूटभर लिहा. बाईंनी विचारलंच, तर सांगा बायकोची.