मावशीच्या नाकाशेजारी नेमके काय भरले आहे

नाव: कागदोपत्री वेगळे आहे, घरी भिंगरी म्हणतात. वय: तेवीस. धंदा: सध्या शोधतोय. याआधी कार्यक्रमांचे दिवे टांगणे, सिमकार्ड विकणे, एका जहाजावर भांडी घासणे. राहणार: मावशीच्या घरी, बाहेरच्या खोलीत, पुन्हा निघेपर्यंत.

समक्ष हजर राहून लिहून देतो की, हवालदारसाहेबांनी सकाळीच कोरे कागद हातात दिले आणि "लेखनिक रजेवर आहे, तुझं तूच लिही" असे सांगितले. मी दुपारपर्यंत टाळले. आधी पेन चालेना. मग बाकावरच्या एका गृहस्थाची सायकल कशी चोरीला गेली ते ऐकत बसलो. सायकल चांगली होती. खरे कारण असे की, मावशीने दवाखान्यातून फोन करून बजावले आहे, "माझं नाव पोलिसांत गेलं तर तुझी बॅग दाराबाहेर." म्हणून नाव लिहीत नाही. नाक मात्र तिचेच आहे.

मावशी टाइल्सच्या दुकानात काउंटरला असते. असायची. प्रत्येक खोक्यावरचा बॅच नंबर जुळल्याशिवाय ती माल गाडीत चढू देत नाही, कारण दोन बॅचच्या टाइल्स शेजारी बसल्या की जमीन चट्टे पडल्यासारखी दिसते. पट्टी फाटलेला खोका ती आल्या पावली परत पाठवते. मध्यंतरी मालक तिला म्हणाले, "ताई, तुम्ही आता आतला स्टॉक बघा. गिऱ्हाइकाला समोर जरा ताजा चेहरा लागतो." काउंटरवर मालकांची भाची आली. तिला पांढरा आणि ऑफ-व्हाइट यातला फरक कळत नाही, पण चेहरा ताजा आहे. मालकांच्या चेहऱ्याचा या प्रकरणाशी संबंध नाही, म्हणून त्याबद्दल लिहीत नाही.

तेव्हापासून नाकापासून ओठांच्या कोपऱ्यापर्यंतच्या घड्या भरून घ्यायचे मावशीच्या मनाने घेतले. सुईने कातडीखाली जेल भरतात, त्याला फिलर म्हणतात. दोन ठिकाणी चौकशी करून निवडायचे ठरले. दोन्हीकडे मी सोबत होतो.

पहिले ठिकाण त्वचेच्या डॉक्टरांचे. ते म्हणाले, "हायल्युरॉनिक ॲसिडचं फिलर वापरू. त्यातही ओठाला पातळ, गालाला घट्ट, सगळीकडे एकच चालत नाही. काही बिघडलं तर ते विरघळवायचं इंजेक्शन असतं, ते माझ्याकडे तयार ठेवलेलं असतं. सीलबंद खोका तुमच्या डोळ्यांसमोर फोडणार आणि त्यावरचं स्टिकर तुमच्या कार्डावर लावणार." मग औषधे कोणती चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, आधी चेहऱ्यात काही टोचून घेतले आहे का, असे बरेच विचारले आणि शेवटी "घरी जाऊन विचार करा, मग या" म्हणाले. जिन्यात मावशी म्हणाली, "एवढे प्रश्न? त्याचीच त्याला खात्री नाही. आमच्याकडे जो सेल्समन जास्त बोलतो ना, त्याचा माल पडून असतो."

दुसरे ठिकाण ग्लोवालीचे. ही बाई घरच्या हॉलमध्ये नखे आणि पापण्या करते, चेहऱ्याला 'ग्लो' आणून देते म्हणून हे नाव पडले. तिने एकही प्रश्न विचारला नाही. "ताई, ॲसिड तेच. डॉक्टर पाटीचे पैसे घेतात. घड्या केल्या की हनुवटी फ्री." मावशीची हनुवटीबद्दल कधीच तक्रार नव्हती. तिथल्या आरशात पाहून झाली.

काल दुपारी ग्लोवालीने मावशीला जेवणाच्या खुर्चीवर बसवले. सिरिंज फ्रिजच्या दारातून काढली, आयती भरलेली. वर नाव नाही, सोबत खोका नाही. मी म्हणालो, "मावशी, अगं खोका?" ती म्हणाली, "गप रे. बाईची नखं बघ, किती स्वच्छ काम आहे." आयुष्यात हा एकच माल तिने न तपासता उतरवून घेतला.

डाव्या बाजूला सुई जाताच मावशी किंचाळली. नाकाशेजारची कातडी पांढरीफटक पडली. ग्लोवाली म्हणाली, "सेट होतंय. बर्फ लावा. आणि फोटो टाकाल तेव्हा मला टॅग करा हं." संध्याकाळी तिथे जांभळी जाळी उमटली. मी गाडी करून मावशीला त्याच डॉक्टरांकडे नेले. ते रागावले नाहीत, त्यामुळे मी जास्त घाबरलो. रक्तवाहिनी अडली आहे म्हणाले. विरघळवायचे इंजेक्शन दिले, रात्रीतून पुन्हा दिले. रंग थोडा परतला, पुरता नाही. "हायल्युरॉनिक असेल तर सुटेल. दुसरंच काही भरलं असेल तर याचा उपयोग नाही, तेवढी कातडी मरेल. मला खोका आणून दे," असे ते म्हणाले.

ग्लोवालीचा फोन बंद आहे. दाराला कुलूप आहे. तिचा शोध घेऊन फ्रिजमधला माल ताब्यात घ्यावा, एवढीच माझी मागणी आहे. त्यावर हवालदारसाहेब म्हणाले, "बायकांच्या मेकअपसाठी गाडी काढू का आता?" हे जबाबात लिहू का, असे मी विचारले. "ते राहू दे" म्हणाले. म्हणून ते राहू दिले आहे.

मघाशी मावशीचा पुन्हा फोन आला. "दुकानात कळव, उद्यापण येत नाही. सर्दी झालीय म्हण." तिला नीट बोलता येत नव्हते.

वरचा मजकूर माझ्याच हातचा आहे. हवालदारसाहेबांनी तो मोठ्याने वाचला, मी ऐकला, सायकलीचे सोडून सगळे कामाचे आहे आणि जसे घडले तसे आहे.

सही करायला वाकलो तोच एक आजी काठी टेकत आत आल्या आहेत. सुनेचे घर सांगितले त्यावरून कळले, या ग्लोवालीच्या सासूबाई. त्यांना आमच्या प्रकरणाचा पत्ता नाही, त्या चोरीची तक्रार द्यायला आल्या आहेत. "माझा फ्रिज बिघडलाय म्हणून गुडघ्यात घ्यायची इंजेक्शनं सुनेकडे ठेवली होती. काल आणायला गेले तर हे असं!" त्यांनी रिकामा खोका टेबलावर आपटला. वर गुडघ्याचे चित्र, खाली लिहिले आहे: हायल्युरॉनिक ॲसिड.

मी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. उत्तर आले: "हेच असेल तर विरघळेल. पुढचा डोस देतोय. खोका घेऊन लगेच ये."

हवालदारसाहेबांनी आजींना खुर्ची दिली आणि इंजेक्शने कुठे गेली ते समजावून सांगितले. आजींनी खोका उचलून पुन्हा बघितला.

"म्हणजे मी इथं लंगडतेय," त्या म्हणाल्या, "आणि सूनबाई माझे गुडघे लोकांच्या तोंडाला लावत सुटलीय?"

हवालदारसाहेब गाडी काढायला सांगत आहेत.