हिरव्या खड्यावरची पट्टी

पट्टी मीच सोडतो, हितेशशेठ, तू हात लावू नको – जखम नाय ती. आत अंगठी आहे. हां, बघ. बोट सुजलंय, साबण लावला, तेल लावलं, निघत नाय. कापून टाक. बदलापुरात सोनार नाय का? ढीग आहेत! पण हेंद्रेपाड्यात मला कुत्रंसुद्धा ओळखतं, म्हणून एवढ्या लांब, तुझ्या कॅम्प चारच्या दुकानात आलो. – काय एवढं बघतोस? पन्नाच आहे तो. नाय? मग काय? अमे... अमेझोनाइट? हे कसलं नाव! दिव्याखाली धर – हां, दिसतात, पांढऱ्या रेघा दिसतात. पन्न्यातून उजेड जातो, ह्यातून जात नाय, बरं. म्हणजे त्या खडे विकणाऱ्या भामट्यानं फरशीचा तुकडा दिला मला? दगड खरा आहे, नाव तेवढं खोटं – वा, हसतोस काय?

माझ्या बापानं छप्पन साली घरातले देव नदीत सोडले, शेठ. आणि विहारात पोरांकडून बावीस प्रतिज्ञा कोण म्हणून घेतो? मी. चौथी नापास, पण एक शब्द चुकत नाय. आणि बोटाला ही पट्टी! विहारातली म्हातारी जनाबाई विचारते, बाबा, अजून बरं नाय झालं? म्हटलं, लेथवर कापलं. रिटायर होऊन जमाना झाला, कसला लेथ! म्हातारीनं लावायला हळद आणून दिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. उद्या विहारात नवी मूर्ती बसतेय, सगळ्यांच्या पुढं हात जोडून मीच उभा – मी म्हणणार, मागनं सगळे.

घातली कशाला? बायको – शीला – ॲडमिट आहे, किडनीचं. डॉक्टर धड काय सांगंना, तेवढ्यात हा ग्रहवाला भेटला, म्हणाला, पन्ना घाल, बायको उठंल. तिला नाय म्हायती. कळलं तर सलाईन उपटून मारंल मला. पण घातली त्याच दिवशी ती पेज प्याली. – औषधानं रे, औषधानं! मला कळतं. अडाणी आहे, येडा नाय.

चालव कटर. आँ? फुटंल? जरा जोर पडला की हा दगड सरळ चिरतो, दोन तुकडे? मग फुटू दे की. फरशीच ती. फुटू दे...

हात सोड. सोड म्हणतो ना! पट्टी दे इकडं. तिला घरी येऊ दे, मग कापू. उद्या सांगतो घसा बसलाय, प्रतिज्ञा दुसरं कोणीतरी म्हणा. – काय बघतोस? धंदा कर तुझा.