दोन सीटांची लाल गाडी

वारंगा फाट्यावरच्या हॉटेलासमोर एक जुनी लाल अमेरिकन गाडी छत मागं टाकून उभी होती. ती विकत घ्यायला निघालेली प्रियदर्शनी नांदेडहून ठरल्या वेळेच्या आधीच पोचली. चहा घेताना पाठीमागं बसलेल्या नवरा-बायकोचं बोलणं तिच्या कानावर आलं.

“गिऱ्हाईक येऊन राहिलं, अन् आता कुठं चक्कर मारतीस, सखू?”

“डोंगरकड्यापर्यंत. अवो, तालुक्यातले समदे नवरदेव वरातीला बसले तिच्यात. मी एकदा बी न्हाई!”

“दोनच तर सीटा. एकीवर मी, दुसरीवर नवरदेव. तुला कुठं बसवू?”

“नवरदेव उतरल्यावर बसवायचं की!”

“धूळ बसंल तिच्यावर. आत्ताच पुसली.”

“नुमाइशीत मांडून ठिवायची न्हाई, चालवायची गाडी हाय, असं सांगितलंय ना गिऱ्हाइकाला?”

“व्हय. रंग उडालाय, छत जरा गळतंय, पण इंजन बराबर. समदं सांगितलं.”

“मंग धुळीला काहून भिऊन राहिले?”

प्रियदर्शनीला राहवेना. चहा अर्धाच ठेवून ती उठली.

“मामा, गिऱ्हाईक मीच. गाडी मला पसंत आहे. फक्त एकदा चालवून बघते.”

“बघा की, ताई! चला, मी शेजारी बसतो.”

“तुम्ही नको. मामी, येता का डोंगरकड्यापर्यंत?”

“येते की, माय!”

“अगं सखू, अन् मी?”

सखुबाई तोवर गाडीत जाऊन बसलीसुद्धा. डोक्यावरचा पदर तिनं घट्ट खोचला आणि हातातली पिशवी नवऱ्याकडं दिली.

“तुमी ही धरा. ताई, जोरात घ्या बरं का!”