तपासणीआधीची गोळी

आर्वीत लघवी तपासायच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

"आई, सकाळी कोणती गोळी घेतली तुम्ही?"

"शेजारच्या वच्छलाबाईची उरलेली. तिची जळजळ तीन दिवसात गेली."

"पण आज काऊन घेतली? तुमचा जंतू वेगळा असन म्हणे डॉक्टर. त्याले कोणती गोळी मारते, तेच तं पाह्याचं आहे."

"म्हणूनच घेतली. रिपोर्ट चांगला आला पाह्यजे. पाहुणे यायच्या आधी घर झाडतो न आपण."

"जंतूच नाई दिसला, तं औषध कशावर देतीन?"

सासू सरळ खिडकीत वाकली.

"मॅडम, मी गोळी खाऊन आली. तसं लिहून घ्या, अन् आता कधी येऊ ते सांगा."

मग वळून मला म्हणाली, "तुम्ही तं नाई न खाल्ली, बाई?"

मी पर्समधलं गोळ्यांचं फोडलेलं पाकीट आणखी आत सरकवलं.