डोलणारा पोरगा

तालुक्याच्या दवाखान्यात रांग काही पुढे सरकत नव्हती, आणि ज्योत्स्नाच्या पुढ्यातल्या मायलेकांचं भांडण तिला कान बंद करू देईना.

“भिताडाले धर, कुलदीप. पडशीन.”

“नाई पडत, आई. उभं राह्यलं का जमीन हलते. इतके महिने बोटीवर राह्यलो, उतरलो तरी लाटा जाऊन नाई राह्यल्या. एसटीत बसलो तवा बरं होतं, खाली उतरलो का पुन्हा सुरू.”

“लोकाइले काय सांगू? दारूबंदीची अध्यक्ष मी, आन माहाच पोरगा गावात डोलत चालते!”

“सांगायचं होतं का पोरगा बोटीवर स्वयंपाकी हाय, पाणी अजून डोक्यात हाय. तू तं भर सभेत माहं तोंड हुंगलं!”

“सगळ्याइचंच हुंगतो आमी. अध्यक्षाच्या पोराले सूट देऊ काय?”

“वास आला?”

“नाई आला.”

“मंग चुन्याची रेघ मारून मले तिच्यावर काऊन चालवलं? पडलो तं सारं गाव हासलं.”

“बाया म्हणे, इलायची खाल्ली असन.”

“आन तू काय म्हटलं?”

तेवढ्यात नर्स आली.

“काय होतंय यांना?”

“चक्कर येते, मॅडम.”

“दारू किती घेता?”

“ओ बाई! तोंड सांभाळून बोला! माह्या पोरानं कधी थेंब नाई घेतला. मी माय होवो त्याची, मले ठावं नाई काय?”

सगळी रांग वळून बघू लागली. कुलदीपनं भिंत सोडली.

“हेच काल सभेत बोलली असती तं, आई?”