देवाजींचा पहिला स्कॅन

अध्यक्षस्थानी असलेले डॉ. कृष्णकांत सर, मंचावरचे मान्यवर, आज निवृत्त होत असलेल्या आमच्या रेडिओलॉजिस्ट डॉ. उत्तरा पांढरीपांडे मॅडम, आणि सांबारवडीच्या वासाने चुळबुळ करून राहिलेल्या माझ्या सहकाऱ्यांनो, नमस्कार.

मी सुमंत, एमआरआय मशीनवर बसणारा. मॅडमबद्दल चार गोड शब्द बोल, असं मला बजावलंय. गोड मला जमत नाही. खरं सांगतो.

चार वर्षांपूर्वी कन्हानचे देवाजी आले. स्ट्रोक, कोमा, व्हेंटिलेटर. पहिल्याच दिवशी स्कॅन झाला. मेंदूची डावी बाजू जवळजवळ अर्धी खराब दिसत होती. दारात त्यांचा भाऊ रोशन हात जोडून उभा. "खरं सांगा ना भाऊ, उठतीन काय?" आता, हे सांगणं माझं काम आहे का? पण वीस वर्षं स्क्रीन पाहिलेला शहाणा मी! म्हणालो, "काहून त्रास देता त्यायले? घरी न्या."

तासाभरात नातेवाईक जमले. श्वास घरीच सुटावा म्हणून अँब्युलन्स लागली. देवाजींच्या पत्नी प्रेमिलाताई पेन हातात घेऊन सहीच्या कागदापुढे बसल्या. तेवढ्यात मॅडम वर आयसीयूत आल्या. पेशंट पाहिल्याशिवाय रिपोर्टवर सही करायची नाही, ही त्यांची सवय तुम्ही जाणताच.

"घरी न्यायला कोणी सांगितलं?"

"खालच्या मशीनवाल्यानंच," रोशन म्हणाला.

मी फिल्म घेऊन मागेच उभा होतो. कोरोनाचे दिवस, सगळेच मास्कमध्ये, म्हणून ओळखला गेलो नाही. मॅडमना माहीत होतं, मशीनवर मी एकटाच होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"चूक माझी," त्या म्हणाल्या. "इतक्या लवकरच्या एका स्कॅनवरून ते उठणार नाहीत, असं मी म्हणणार नाही. उठतील, असंही म्हणत नाही. मेंदूचा खालचा भाग शाबूत आहे. पाच दिवस द्या."

प्रेमिलाताईंनी पेन ठेवलं. ते पाच दिवस मी कसे काढले, विचारू नका. तिसऱ्या दिवशी सूज वाढली. रोशन मॅडमना वाट्टेल ते बोलला. त्यांनी निमूट ऐकून घेतलं, आणि मी तोंड उघडलं नाही. सहाव्या दिवशी ताईंनी हाक मारली, "अहो, ऐकून राहिले काय?" देवाजींनी डोळे उघडले. उजवा हात अजून चालत नाही, बोलणं अडखळतं, पण घरात काठीशिवाय फिरतात.

मॅडम, तुमचे आणि सगळ्यांचे आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने सांभाळून घ्यावं. पण एक माफी वेगळी मागायची आहे. प्रेमिलाताई, तुम्ही तिसऱ्या रांगेत बसला आहात. मघाशी बाहेर कुणाला तरी सांगत होता, "मॅडमची चूक झालती, पन मॅडमनंच सुधारली." ताई, मॅडमची चूक नव्हतीच. तो मशीनवाला मी होतो. माफ करा मला.