साहेबांच्या वंशावळी आणि सरांची लेक

मंडळी, नमस्कार. सगळे आलात, उन्हाचे आलात, तांड्यावरूनही इतकी माणसं आली, बरं वाटलं.

माझ्या आधी चार जण बोलले. चांगलं बोलले. मला तसं जमणार नाही. सरांना जाऊन आठवडा झाला, तरी अजून सकाळी बाथरूमचं दार उघडण्याआधी मी ते वाजवून पाहतो. आत सर असतील असं वाटतं. अशा माणसानं माईकसमोर उभं राहू नये. पण माझी बायको मेधा म्हणाली, तुम्ही बोला, माझ्यानं होणार नाही. म्हणून उभा आहे.

ज्यांना मी माहीत नाही त्यांना सांगतो. मी दिलीप राठोड. वडगावकर सरांचा आधी विद्यार्थी, मग जावई. यवतमाळजवळ लोहाऱ्याला कारखान्यात नोकरी करतो. पुसदचं घर बंद करून सर शेवटी आमच्याकडेच राहिले. सरांचं मराठी शुद्ध, माझं तांड्यावरचं. आज त्यांच्यासाठी जरा नीट बोलतो. मधे घसरलो तर सांभाळून घ्या.

मघाशी एक वक्ते फार आदरानं बोलून गेले की सरांना मुलगा नव्हता, त्यामुळे वडगावकरांची पुसदची शाखा त्यांच्याबरोबर थांबली. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. पण माझ्या शेजारी मेधा बसली होती. सरांची एकुलती एक लेक. तिनं मान खाली घातली. मी जे बोलायचं ठरवून आलो होतो ते बाजूला ठेवतो आणि त्याबद्दलच बोलतो.

सर इंग्रजी शिकवायचे, हे पुसदला सगळ्यांना ठाऊक आहे. पण त्यांचा जीव कशात होता? विलायतेतल्या लॉर्ड लोकांच्या वंशावळीत. हसा, हसा. सरही हसायचे. नागपूरच्या रद्दीवाल्याकडून त्यांनी तसली जाडजूड पुस्तकं उचलून आणली होती. ड्यूक, त्याच्या खाली मार्क्विस, मग अर्ल, मग व्हायकाउंट, मग बॅरन. अशी उतरंड. आणि बॅरोनेट म्हणजे लॉर्ड नव्हे. हे तर कधीच विसरायचं नाही. बॅरोनेटला कोणी लॉर्ड म्हटलं, की आपल्याच घरातलं काही चोरीला गेल्यासारखे सर अस्वस्थ व्हायचे.

वर्गात एकदा मी विचारलं, "सर, हे पेपरात येते का?"

म्हणाले, "नाही."

"मंग आमाले काहून सांगून राह्यले?"

"कारण घरी कोणी ऐकत नाही."

खरं सांगू? आम्ही ऐकायचो. नाटक पाहावं तसं ऐकायचो. बापाचा किताब, वाडा, जमीन, सगळं थोरल्याला. धाकट्यानं लष्करात जावं नाहीतर पाद्री व्हावं. सर म्हणायचे, इकडे घोड्यावर बसून आपल्यावर रुबाब करणारे कितीतरी साहेब असे धाकटेच होते. घरी कोणी विचारेना म्हणून इकडे आले. आणि एखाद्या अर्लला नुसत्या मुली असल्या तर? किताब जायचा कुठल्यातरी लांबच्या चुलतभावाकडे, ज्यानं ते घर कधी पाहिलंही नाही. मुली वाड्यातून बाहेर.

मला ते सगळं ओळखीचं वाटायचं. माझे बा आमच्या तांड्याचे नायक. त्यांच्या आधी त्यांचे बा नायक. पगडी थोरल्याच्याच डोक्यावर. सरांचा अर्ल मला आमच्याकडचाच एखादा म्हातारा वाटायचा, फक्त त्याच्याकडे थंडी जास्त.

मग मी सरांच्या मुलीला मागणी घातली. आता वाटतं, कुठून आणली असेल ती हिंमत? बा डोक्याला पगडी बांधून सरांच्या घरी आले. मी दाराशी उभा. मला वाटलं, आता दोघं भांडतील. सरांनी काय केलं? बांना पंख्याखाली बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. नायकपद थोरल्यालाच जातं का? थोरला वेडा निघाला तर? दत्तकाला जातं का? नायकाला मुलगा नसेल तर पुतण्याला की जावयाला? चहा दोनदा झाला. लग्नाचा विषयच निघेना. शेवटी बा म्हणाले, "मास्तर, पोरगी देता का नाही ते सांगा न. पगडीचं मंग पाहू."

सर म्हणाले, "पोरीनं स्वतःच होकार दिलेला आहे. माझ्याकडे विचारायला फक्त रीत म्हणून आलात." आणि परत विचारलं, "तर जावयाला जातं का?"

या लग्नामुळे सरांच्या काही नातेवाइकांनी त्यांच्याकडे येणं सोडलं. सरांनी त्याचा कधी उच्चार केला नाही. पण बा आणि सर यांचं मात्र असं जमलं की विचारू नका. व्याही कसले, दोन वर्गमित्र. सर आमच्याकडे राहायला आले, तेव्हापासून बा आले की आमच्या अंगणात खाटा टाकून दोघं बसायचे. आमच्याकडे ढाडी येतो. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, ढाडी म्हणजे आम्हा बंजाऱ्यांच्या पिढ्या तोंडपाठ असणारा माणूस. तो सारंगी घेऊन तांड्यावर बसतो आणि बापाचा बाप, त्याचा बाप, असं गात जातो. बा त्याचं सांगायचे, सर विलायतेचं सांगायचे. आणि दोघांचं एका गोष्टीवर पूर्ण एकमत होतं, की मुलगी दुसऱ्या घरच्या झाडावर जाते.

हे मेधा स्वयंपाकघरातून ऐकायची.

पुढं वडगावकर घराण्याचा कुलवृत्तांत नव्यानं काढायचं ठरलं. घराण्याचा सगळा वंशवृक्ष पुस्तकात छापतात, तो कुलवृत्तांत. संपादक कोण? दुसरं कोण असणार? सरांचे चुलतभाऊ अप्पा समितीचे अध्यक्ष आणि सर संपादक. नियम सरांनीच केले. मुलाचं नाव, त्याच्या खाली त्याची मुलंबाळं. मुलीचं नाव, पुढं 'विवाहित', आणि पूर्णविराम. मुलीची पोरं तिच्या सासरच्यांनी मोजायची. ज्याला मुलगा नाही त्याच्या नावापुढं लिहायचं, शाखा समाप्त.

आणि मंडळी, सरांनी हा नियम स्वतःला लावला. दुसरा कोणी असता तर स्वतःच्या ठिकाणी हळूच सूट घेतली असती. सर तसले नव्हते. स्वतःच्या नावाखाली त्यांनी लिहिलं, कन्या मेधा, विवाहित. त्याच्यापुढं, शाखा समाप्त. आणि छपाईची प्रुफं तपासायला मेधालाच दिली, कारण तिचं शुद्धलेखन चांगलं.

तिनं सगळं तपासलं. एक वेलांटीसुद्धा सोडली नाही. मग अंगणात आली. बा पण तिथंच होते. म्हणाली, "बाबा, हे तुम्हीच लिहिलंत?"

सर म्हणाले, "नियम आहे, बेटा. साहेबाकडेही असंच आहे."

"मी साहेबाची मुलगी आहे का?"

मग तिनं आमच्या रेवाला पुढं केलं. रेवा आमची मुलगी, तेव्हा चौथीत होती. मेधा म्हणाली, "आजोबांच्या पुस्तकात ही नाही. बांच्या ढाडीच्या गाण्यात ही नाही, तो फक्त पोरांची नावं घेतो. मग ही आली कुठून? आभाळातून पडली?"

दोन्ही म्हातारे खाटेवर बसून राहिले. कोणी कोणाकडे पाहीना. मी माझ्या बायकोला इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. नंतर तिनं सरांशी बोलणं कमी केलं. जेवायला वाढायची, औषध द्यायची, सगळं करायची. पण बाबा म्हणून हाक मारायची नाही. घरात हे कळतं, मंडळी. भांड्यांच्या आवाजावरून कळतं.

पुढच्या खेपेला बा आले ते मिशीत हसत आले. म्हणाले, "मास्तर, मी ढाडीले सांगतलं. रेवाचं नाव घेतलं त्यानं."

सरांना खरं वाटेना. "तयार झाला?"

"कुरकुर करून राह्यला होता. म्हणे, पोरीचं नाव सुरात बसत नाही. मी म्हटलं, बसव. तुह्या बापानंही बसवलं असतं. दुप्पट जवारी घेऊन गेला."

सरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी विसरणार नाही. आनंद होता आणि राग पण होता. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिलीप, नायक माझ्या पुढं गेले. माझी मुलगी, आणि ते पुढं गेले." मी म्हटलं, सर, मग काय करायचं? म्हणाले, "मला आता लाज वाटते आहे. आधी ती नीट वाटून घेऊ दे."

त्यानंतर सरांचं बोलणं बदललं. पहिल्यासारखीच ती जाडी पुस्तकं उघडायचे, पण आता मुलीच शोधायचे. रेवाला सांगायचे, स्कॉटलंडात काही जुने किताब मुलींनाही मिळतात. तिकडच्या एखाद्या बाईनं बापाची गादी चालवली, की सर सायंकाळी चहावर सांगायचे आणि मेधा आत ऐकते आहे का ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहायचे. मेधा ऐकायची. पण हाक मारायची नाही.

मग सर आजारी पडले. अप्पा भेटायला लोहाऱ्याला आले. येताना कळंबच्या चिंतामणीचा प्रसाद घेऊन आले. अप्पा, तुम्हाला आठवत असेल. सरांनी प्रसाद घेतला आणि मेधाला हाक मारली. ती आली तशी तिच्यासमोरच म्हणाले, "अप्पा, माझ्या नावापुढचं शाखा समाप्त खोड. माझी मुलगी लिही. तिचा नवरा लिही, राठोड म्हणून लिही. तिची मुलगी लिही."

अप्पा म्हणाले, "मधुदादा, नियम तूच केलेस ना? एकाला सूट दिली तर उद्या सगळे मागतील."

"मग सगळ्यांना दे. मी सूट मागत नाही. मी चूक केली, ती दुरुस्त करायला सांगतो आहे. जन्मभर साहेबांच्या घराण्यांत डोकं घातलं, अप्पा, आणि त्यांच्याकडून नेमकी घेऊ नये तीच गोष्ट घेतली."

अप्पा म्हणाले, समितीसमोर ठेवतो. त्यांचंही खरं होतं. एकट्याच्या हातातलं ते नव्हतं.

अप्पा निघाले. मी त्यांना फाटकापर्यंत सोडून परत आलो तर मेधा सरांच्या उशाशी बसलेली. म्हणत होती, "बाबा, थोडी पेज घ्या." बाबा. किती महिन्यांनी. सरांनी वाटीभर पेज घेतली. त्यांना पेज मुळीच आवडत नसे.

समितीची बैठक अजून व्हायची आहे. सर त्याआधी गेले.

अप्पा, तुम्ही समोर बसला आहात. मी तुम्हाला कोंडीत पकडायला उभा नाही. तुम्ही दवाखान्यात रात्र काढलीत, माझ्या घरी जेवलात, मला तुमच्याबद्दल आदर आहे. कुलवृत्तांतात काय छापायचं ते तुमची समिती ठरवेल. जे ठरेल त्याबद्दल माझ्या घरातून वाकडा शब्द निघणार नाही. मेधाला पुस्तकाचं फार काही राहिलं नाही आता. तिच्या बापानं तिच्यासमोर सांगितलं, तिला ते मिळालं.

पण मघाशी या सभेत चारचौघांसमोर एक वाक्य बोललं गेलं, आणि तिनं मान खाली घातली. चारचौघांत जे बोललं जातं ते चारचौघांतच पुसावं लागतं. ते मी पुसू शकत नाही. मी जावई. माझ्या शब्दाला कोण विचारतं? ते घरातल्या थोरल्यानंच करायचं असतं, आणि सर गेल्यावर वडगावकरांत थोरले तुम्ही.

म्हणून माझी एवढीच विनंती आहे. आता आपण सरांसाठी दोन मिनिटं शांत उभं राहणार आहोत. ती शांतता मी सुरू करणार नाही. अप्पा, तुम्ही करा. आणि करण्याआधी, गेलेल्या माणसाच्या पश्चात कोण कोण आहे ते तुमच्या तोंडानं एकदा सांगा. नावं घेऊन सांगा.

मेधा, ऊठ. रेवा, आईजवळ उभी राहा. मंडळी, आपणही उठू या.

सर, तुम्हाला माझा आणि माझ्या बांचा रामराम.

अप्पा, माईक घ्या. आम्ही थांबलो आहोत.